राज्यप्रकार : ग्रीक कल्पना आणि औंधची घटना

राज्यसत्ता किती जणांच्या हाती असावी आणि ती कोणाच्या हितासाठी वापरली जावी, या दोन प्रश्नांच्या आधारे राज्यांचे वर्गीकरण करण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्राचीन ग्रीसमध्ये झाला. इ. स. पू. पाचव्या व चौथ्या शतकांत ग्रीक भाषिक प्रदेशात शेकडो लहानमोठी नगरराज्ये होती. त्यांतील काहींत राजे होते, काहींत मोजकी कुळे कारभार पाहत, तर काहींत सर्व नागरिकांची सभा सार्वभौम होती. एकाच माणसाच्या हयातीत एकाच नगरात दोनतीन राज्यप्रकार येऊन जाण्याचे प्रसंगही थोडे नव्हते. त्यामुळे राज्यप्रकारांची चर्चा ही ग्रीकांच्या दृष्टीने ग्रंथांपुरती नव्हती. तिच्या निकालावर लोकांची मालमत्ता, नागरिकत्व आणि पुष्कळदा प्राणही अवलंबून असत. त्यांनी घडविलेली परिभाषा आजही वापरात आहे. तिचा पडताळा घेण्यासारखे एक उदाहरण महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात आढळते. ते म्हणजे औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वीकारलेली स्वराज्याची घटना होय.

या विषयावरील सर्वांत जुनी सलग चर्चा हीरॉडोटसच्या इतिहासग्रंथाच्या तिसऱ्या भागात आहे. इ. स. पू. ५२२ मध्ये इराणच्या गादीवरील तोतया राजाचा वध केल्यानंतर कटातील सरदारांनी पुढील राज्यव्यवस्थेचा विचार केला, असे तो सांगतो. ओटानीझ हा सरदार सत्ता सर्वांकडे सोपवावी या मताचा होता. एका व्यक्तीच्या हाती बेजबाबदार सत्ता आली म्हणजे चांगला माणूसही उन्मत्त होतो. उलट जेथे अधिकारपदे चिठ्ठ्या टाकून दिली जातात, अधिकाऱ्यांना हिशेब द्यावा लागतो व सर्व निर्णय सभेपुढे येतात, तेथे हा धोका राहत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. मेगाबायझस याने जमावाच्या अविचारावर बोट ठेवून निवडक श्रेष्ठींच्या सत्तेचा पुरस्कार केला. श्रेष्ठींमध्ये स्पर्धा, स्पर्धेतून रक्तपात व रक्तपातातून अखेर एकाचीच सत्ता उद्‌भवते, असे सांगून दरायसने राजेशाहीची बाजू घेतली आणि तीच मान्य झाली. इराणी दरबारात अशी चर्चा झाली असेल, यावर हीरॉडोटसच्या काळच्या ग्रीकांचाही विश्वास नव्हता, हे त्याच्याच निवेदनावरून दिसते. युक्तिवादांची घडण ग्रीक आहे, यात शंका नाही. तथापि एक, थोडे आणि अनेक ही त्रिविध विभागणी व प्रत्येक प्रकाराच्या पोटात त्याच्या नाशाचे कारण असते ही कल्पना, या दोन्ही येथे प्रथमच स्पष्टपणे मांडलेल्या दिसतात.

या चर्चेमागील प्रत्यक्ष अनुभव मुख्यतः अथेन्सचा होता. सोलॉनने इ. स. पू. ५९४ मध्ये कर्जापायी येणारी गुलामगिरी बंद केली. क्लाइस्थेनीझने इ. स. पू. ५०८–०७ मध्ये कुळांवर आधारलेली जुनी विभागणी मोडून वस्त्यांच्या आधारे दहा नवे गट पाडले आणि पाचशे सभासदांचे मंडळ स्थापन केले. पुढील अर्धशतकात अधिकारपदे व न्यायमंडळे चिठ्ठ्या टाकून भरण्याची पद्धत रूढ झाली, तसेच न्यायमंडळात बसणाऱ्यांना भत्ता मिळू लागला. केवळ सेनापतींसारखी विशेष कौशल्याची पदे निवडणुकीने भरली जात. आजच्या वाचकास हे उलटे वाटेल. परंतु निवडणूक हे श्रीमंत व नामवंत यांना अनुकूल असे साधन असून खरी लोकसत्ता चिठ्ठीत आहे, अशी ग्रीकांची समजूत होती. ॲरिस्टॉटलनेही तिला दुजोरा दिला आहे. (दहाव्या शतकातील तमिळनाडूमधील उत्तरमेरूर येथील चोलकालीन कोरीव लेखांत ग्रामसभेच्या समित्या घटात चिठ्ठ्या टाकून निवडण्याचे नियम आहेत. तेव्हा ही पद्धत केवळ ग्रीकांचीच होती, असे मात्र नव्हे.) अथेन्सची लोकसत्ता इ. स. पू. ४११ व ४०४ मध्ये दोनदा उलथली गेली. दुसऱ्या वेळी सत्तेवर आलेल्या तिसांच्या मंडळाने शेकडो नागरिकांचे प्राण घेतले. लोकसत्ता पुन्हा स्थापन झाल्यावर चारच वर्षांनी, इ. स. पू. ३९९ मध्ये, तिच्याच न्यायमंडळाने सॉक्रेटीसला मृत्युदंड दिला.

प्लेटोच्या (इ. स. पू. सु. ४२७–३४७) राज्यविचारावर या घटनांची दाट छाया आहे. तिसांच्या मंडळात त्याचे आप्त होते आणि सॉक्रेटीस हा त्याचा गुरू होता. म्हणजे दोन्ही पक्षांनी त्याला निराश केले होते. रिपब्लिक या संवादाच्या आठव्या भागात त्याने आदर्श राज्यापासून होणाऱ्या अधोगतीच्या पायऱ्या रंगविल्या आहेत : ज्ञानी पुरुषांचे राज्य बिघडले की मानसन्मानाला सर्वस्व मानणाऱ्या योद्ध्यांचे राज्य येते, त्यातून धनिकांचे, धनिकांच्या राज्यातून गरिबांच्या उठावाने लोकांचे आणि लोकांच्या अनिर्बंध स्वातंत्र्यातून जुलमी एकाधिपत्याचे राज्य जन्मते. प्रत्येक राज्याशी जुळणारा एकेक मानवी स्वभाव त्याने वर्णिला आहे. इतिहास म्हणून हा क्रम टिकत नाही. खुद्द अथेन्समध्ये जुलूमशाही लोकसत्तेच्या आधी येऊन गेली होती. मनुष्यस्वभावाचे निरीक्षण म्हणून मात्र हे प्रकरण अजोड आहे. उत्तरायुष्यात प्लेटोची भूमिका सौम्य झाली. स्टेट्समन या संवादात त्याने कायद्याने चालणारी तीन व कायदा झुगारणारी तीन अशी सहा राज्ये मानली, तर लॉज या अखेरच्या ग्रंथात ५,०४० कुटुंबांचे नगर कल्पून त्यात राजेशाही व लोकसत्ता यांचे मिश्रण सुचविले.

ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) या विचारास शास्त्राचे स्वरूप दिले. त्याच्या संप्रदायाने १५८ राज्यघटनांची माहिती गोळा केली होती, असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सच्या घटनेवरील प्रबंध ईजिप्तमधील पपायरसावर सापडून १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पॉलिटिक्स या ग्रंथात त्याने सत्ताधाऱ्यांच्या संख्येला हेतूची जोड दिली. सर्वांच्या हितासाठी चालणारी राजेशाही, अभिजनसत्ता व मर्यादित लोकसत्ता ही शुद्ध रूपे. केवळ सत्ताधाऱ्यांच्या स्वार्थासाठी चालणारी जुलूमशाही, अल्पजनसत्ता व लोकसत्ता ही त्यांची विकृत रूपे होत. परंतु ही सहा घरे आखून झाल्यावर त्याने स्वतःच त्यांचा पाया हलविला. अल्पजनसत्ता म्हणजे खरे पाहता श्रीमंतांची सत्ता आणि लोकसत्ता म्हणजे गरिबांची. श्रीमंत थोडे व गरीब पुष्कळ असतात हा केवळ योगायोग, असे तो म्हणतो. राज्यप्रकारांचा प्रश्न डोकी मोजण्याचा नसून मालमत्तेचा आहे, ही जाणीव त्याच्या वर्गीकरणापेक्षाही मोलाची आहे. म्हणूनच जेथे मध्यम स्थितीतील लोकांचा वर्ग मोठा असतो, ते राज्य सर्वांत स्थिर, असा निष्कर्ष त्याने काढला. प्लेटोप्रमाणे तो जनसमूहाला तुच्छ मानत नाही. अनेकांनी मिळून शिजविलेली मेजवानी एकाच्या खर्चाने दिलेल्या मेजवानीपेक्षा सरस ठरू शकते, तसा अनेकांचा एकत्रित निर्णय एका शहाण्याच्या निर्णयापेक्षा सरस असू शकतो, हा त्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. पुढे पॉलिबियसने (इ. स. पू. सु. २००–११८) राज्यप्रकारांचे चक्र कल्पिले आणि रोमच्या संमिश्र घटनेने ते रोखून धरले असल्याचे प्रतिपादन केले. अठराव्या शतकातील यूरोप-अमेरिकेतील घटनाकारांपर्यंत ही कल्पना त्याच्याद्वारे पोहोचली.

मराठी परिभाषेबद्दल एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. ग्रीकमध्ये एकाच्या व थोड्यांच्या राज्याची नावे अधिकारपद या अर्थाच्या शब्दावरून आली आहेत, तर लोकांच्या राज्याचे नाव ‘क्रातोस’ म्हणजे बळ, वर्चस्व या शब्दावरून आले आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘लोकशाही’ या शब्दातील उत्तरपद फार्सी ‘शाह’ म्हणजे राजा यापासून आलेले आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘लोकसत्ता’ हा शब्द मूळ अर्थाला अधिक जवळचा असला, तरी रूढीपुढे व्युत्पत्तीचे फारसे चालत नाही.

औंधची घटना : राजाने स्वेच्छेने आपली सत्ता कमी करावी, असा प्रसंग ग्रीक ग्रंथांत क्वचितच येतो. ॲरिस्टॉटलने एक उदाहरण दिले आहे. स्पार्टाचा राजा थीओपाँपस याने राजावर देखरेख ठेवणारे निवडलेले अधिकारी नेमले. वडिलांकडून मिळाले त्यापेक्षा लहान राज्य मुलांच्या हाती देताना लाज वाटत नाही काय, असे त्याच्या पत्नीने विचारले. आपण देत असलेले राज्य अधिक काळ टिकेल, असे त्याने तिला उत्तर दिले. सत्ता जितकी मर्यादित तितकी ती दीर्घायुषी, या सिद्धांताचे उदाहरण म्हणून ॲरिस्टॉटल ही कथा सांगतो. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १९३८ च्या नोव्हेंबरात केलेल्या घोषणेची तुलना या कथेशी सहज करता येते.

औंध हे दक्षिण महाराष्ट्रातील लहान संस्थान होते. छत्रपती राजारामांच्या काळात निर्माण झालेल्या प्रतिनिधिपदापासून त्याचा उगम झाला. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींचा प्रतिनिधी, प्रजेचा नव्हे. संस्थानचे क्षेत्रफळ सु. १,२९८ चौ. किमी., गावे ७२ व लोकसंख्या लाखाहून कमी होती. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ या तालुक्यांचा मुलूख सलग नव्हता. तो आजच्या सातारा, सांगली व विजापूर या जिल्ह्यांत विखुरलेला होता. अथेन्सचा ॲटिका प्रदेश याच्या सु. दुपटीने मोठा भरेल. नागरिकांना एकमेकांचे स्वभाव ठाऊक असावेत व राज्य एका दृष्टिक्षेपात मावावे, अशी ॲरिस्टॉटलची अपेक्षा होती. औंधमधील एकेका गावास ती लागू पडते, संपूर्ण संस्थानास पडत नाही. घटनेच्या रचनेत हे ध्यानात घेतले गेले, असे म्हणता येईल.

भवानराव १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्काराचा प्रसार, चित्रकला, कीर्तन आणि औंध येथील चित्रसंग्रहालय यांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी होते. वेदांचे अभ्यासक श्री. दा. सातवळेकर यांनी त्यांच्याच आश्रयाने औंध येथे अनेक वर्षे कार्य केले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कारखान्यासाठी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर जागा मिळाली तीही औंधच्या राज्यातच. संस्थानात प्रतिनिधी सभा पूर्वीपासून होती, पण तिचे अधिकार मर्यादित होते. भवानरावांचे पुत्र आप्पासाहेब पंत (१९१२–९२) इंग्लंडमधील शिक्षण आटोपून परतले होते. बंगलोर येथे एका कारखान्यात काम करणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन हे त्यांच्या परिचयातून औंधला आले. गांधीजींच्या विचारांनी भारलेल्या या गृहस्थांनी सत्ता गावांकडे सोपविण्याची कल्पना मांडली आणि सत्तर वर्षांच्या राजाने ती उचलून धरली. प्रजेला आधी राज्यकारभाराचे शिक्षण द्यावे, मग अधिकार द्यावेत, असे सल्लागारांचे म्हणणे होते. राजांना ते पटले नाही. गांधीजींच्या सल्ल्याने घटनेला आकार आला आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली.

या घटनेत राज्याचा पाया गाव हा होता. गावातील प्रौढांनी पाच जणांची पंचायत निवडावयाची. तालुक्यातील पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावयाची आणि तिच्यातून संस्थानच्या विधिमंडळावर सभासद जावयाचे, अशी चढती रचना होती. प्राथमिक शिक्षण, पाणी, रस्ते व किरकोळ तंटे ही कामे पंचायतींच्या कक्षेत आली. राजाचा खाजगी खर्च ठरावीक रकमेपुरता मर्यादित झाला. याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. तेथे बंदी कुटुंबासह राहून शेती करीत. व्ही. शांताराम यांच्या दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा म्हणून ती पुढे प्रसिद्धीस आली. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. त्याचे एक प्रमुख केंद्र कुंडल हे औंधच्या हद्दीतील गाव होते. गावपातळीवरील समित्या व न्यायनिवाडा हे त्या चळवळीचेही वैशिष्ट्य होते.

ग्रीक वर्गीकरणात या घटनेला कोठे बसवावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. राजा गादीवर कायम होता, म्हणून ही राजेशाही. पण कायद्याने बांधलेली व प्रजेच्या संमतीवर चालणारी. गावात सर्व प्रौढ मतदान करीत, म्हणून ती लोकसत्ता. पण वरच्या पायऱ्यांवर निवडून आलेल्यांनी पुन्हा निवडून द्यावयाचे असल्याने संस्थानच्या पातळीवर ती थोड्यांच्या सत्तेकडे झुकते. ॲरिस्टॉटलने तिला संमिश्र घटना म्हटले असते. पॉलिबियसने समतोलासाठी तिची वाखाणणी केली असती, आणि प्लेटोला या प्रयोगातील राजाचा पुढाकारच तेवढा आवडला असता. अप्रत्यक्ष निवडणुकीचा हा मुद्दा पुढेही वादाचा राहिला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये खालून वर अशीच रचना सुचविली होती. वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्हा परिषदेसाठी प्रत्यक्ष निवडणुकीला पसंती दिली आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात तीच पद्धत सुरू झाली. त्रेहात्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) तिन्ही पातळ्यांवर प्रत्यक्ष निवडणूक आवश्यक केली.

ग्रीक कल्पनांत न मावणारी बाब वेगळीच आहे. नगरराज्य स्वायत्त असते, हे ग्रीक विचारवंतांनी गृहीतच धरले होते. औंधवर ब्रिटिशांची अधिसत्ता होती; संरक्षण, चलन व परराष्ट्रसंबंध हे विषय राजाच्याच हाती नव्हते, मग ते प्रजेकडे सोपविण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा राजाने सोडलेली सत्ता मुळातच तोकडी होती, हा आक्षेप अगदी निराधार नाही. परंतु गावकऱ्याच्या रोजच्या जीवनाला स्पर्श करणारी सत्ता तीच होती आणि इतर बहुसंख्य संस्थानिकांनी ती अखेरपर्यंत सोडली नाही, हेही तितकेच खरे. थीओपाँपसचे भाकीत मात्र औंधपुरते फोल ठरले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ज्यांनी काहीच सोडले नव्हते अशा शेजारच्या संस्थानांबरोबरच औंधची राजेशाही संपली, आणि तिच्याबरोबर औंधच्या पंचायतींची ही घटनाही. आप्पासाहेब पंत पुढे भारत सरकारच्या परराष्ट्रसेवेत गेले. औंधच्या प्रयोगावर त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या आहेत.

नागरिक कोण : ॲरिस्टॉटलच्या मते केवळ एखाद्या जागी राहतो म्हणून कोणी नागरिक होत नाही, न्यायदानात व अधिकारपदांत ज्याचा वाटा असतो तोच नागरिक. अथेन्समध्ये स्त्रिया, गुलाम व परगावाहून येऊन स्थायिक झालेले रहिवासी यांना हा वाटा नव्हता. पेरिक्लीझच्या इ. स. पू. ४५१ च्या कायद्याने तर आई व वडील दोघेही अथेनियन असणे आवश्यक केले. परगावचे रहिवासी कर भरत, सैन्यात लढत, बंदरातील व्यापार व कारागिरी पुष्कळशी सांभाळत. सभेत मात्र त्यांना स्थान नसे. हाताने काम करून पोट भरणाऱ्याला सद्‌गुणांच्या उपासनेस सवड नसते, म्हणून उत्तम राज्यात कारागिराला नागरिकत्व देऊ नये, असे ॲरिस्टॉटल स्पष्टपणे म्हणतो. स्वतः तोही अथेन्समध्ये परकाच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या मताची विसंगती अधिक जाणवते.

या मताला महाराष्ट्रात पुण्याच्या उत्तरेकडील औद्योगिक पट्ट्याइतके बोलके उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळेल. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९५४ साली पिंपरीत सुरू झालेला प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना, त्यानंतर आलेले मोटारी व दुचाकींचे कारखाने आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (स्थापना १९६२) क्षेत्रे यांमुळे २०११ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती. ॲरिस्टॉटलने ज्यांना सभेबाहेर ठेवले त्या कारागिरांनीच हे नगर उभे केले आणि कायद्याने ते त्याचे पूर्ण नागरिक आहेत. भारतात मताचा अधिकार सर्व प्रौढ नागरिकांना आहे; परंतु १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदाराचे नाव तो सर्वसाधारणपणे राहतो त्या एकाच मतदारसंघात नोंदविता येते. मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा उत्तर भारतातून चाकणला आलेल्या व भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराचे नाव पुष्कळदा मूळ गावच्या यादीतच राहते. अशा वेळी खेड तालुक्यातील ग्रामपंचायत ज्यांच्या पाण्याची व कचऱ्याची व्यवस्था पाहते, त्यांतील कितीतरी जण तिच्या ग्रामसभेचे मतदार नसतात. हा कायद्याने लादलेला परकेपणा नव्हे. तो स्थलांतराच्या ओघात घडून येतो. शिवाय कारखान्यांच्या क्षेत्रातील भूखंडवाटप, रस्ते व पाणीपुरवठा यांचे निर्णय निवडलेल्या पंचायतीऐवजी बव्हंशी महामंडळाकडे असतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या निर्वाचित सभेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर निवडणुका लांबल्या व तिचा सर्व कारभार प्रशासक म्हणून एका अधिकाऱ्याच्या हाती गेला. हा अधिकारी कायद्याने बांधलेला व शासनास जबाबदार असल्याने त्यास ग्रीक अर्थाने एकाधिपती म्हणता येत नाही. तरी अधिकाऱ्यांचा हिशेब नागरिकांच्या सभेपुढे यावा, ही हीरॉडोटसच्या ओटानीझने घातलेली अट त्या अवधीत तेथे अपुरीच राहिली.